क्रिप्टोची जाहिरात: चौकटीत की मजकुरात?

मागच्या अंकात ऑनलाइन जाहिरातींवर दोन ओळी लिहिल्या आणि सगळं टपाल क्रिप्टोवर येऊन पडलं. बिटकॉइन घ्यावं की नाही, हे विचारणाऱ्यांना या सदरात उत्तर मिळणार नाही. माझी उमेदीची वर्षं जाहिराती विकण्यात गेली. आधी पुण्यातल्या एका दैनिकाच्या जाहिरात खात्यात कॉलम सेंटिमीटरच्या हिशोबाने, नंतर एका डिजिटल एजन्सीत क्लिकच्या हिशोबाने. तेव्हा जाहिरात कुठे लावायची, कशी ओळखायची आणि कोणती परत पाठवायची, एवढंच सांगू शकते. पत्रं जागेसाठी कापली आहेत.

नमस्कार ताई. मी नाशिकला असतो. नोकरी सांभाळून क्रिप्टोवर मराठीत वेबसाइट चालवतो: कराचे नियम, वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं डिजिटल पाकीट) कसं वापरायचं, फसवणुकीचे प्रकार. महिन्याला साधारण ४० हजार पानं उघडली जातात. दोन प्रस्ताव आलेत. एका ॲड नेटवर्कला (अनेक वेबसाइटवरच्या जागा जाहिरातदारांना विकणाऱ्या कंपनीला) पानावर दोन बॅनर लावायचे आहेत, हजार इम्प्रेशनला, म्हणजे हजार वेळा दिसण्याला, ६० रुपये. दुसरा एका एक्स्चेंजच्या (क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या कंपनीच्या) एजन्सीचा: त्यांनी लिहिलेला लेख माझ्या नावाने छापायचा, एकरकमी २५ हजार. अटी अशा की लेखावर 'जाहिरात' लिहायचं नाही, आतल्या दोन लिंक साध्याच ठेवायच्या आणि लेख कधीही काढायचा नाही. मित्र म्हणतात, लेख घे, बॅनर कोण बघतं? तुमचं काय मत?

मित्रांचं निम्मं बरोबर आहे. बॅनर खरंच कोणी बघत नाही. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टी लागली, तेव्हा पाहणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी ती दाबली असं सांगतात. नवलाई होती. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन यांनी दाखवून दिलं की लोकांची नजर बॅनरला वळसा घालून जाते, शोधत असलेली माहिती नेमकी त्याच बॅनरमध्ये असली तरी. आज हजार वेळा दिसलेल्या बॅनरवर एक क्लिक आला तर एजन्सीत कोणी कुरकुर करत नाही.

आता तुमचा हिशोब. ४० हजार पानं, दोन जागा, म्हणजे ८० हजार इम्प्रेशन. ६० च्या दराने ४,८०० रुपये, तेही प्रत्येक जागा प्रत्येक वेळी भरली तर. ती भरत नाही. शिवाय काही वाचकांकडे जाहिराती लपवणारा ॲडब्लॉकर असणार, आणि क्रिप्टो वाचणाऱ्या मंडळींत तो अंमळ जास्तच. हातात तीन-साडेतीन हजार धरा. त्यापुढे २५ हजार म्हणजे सात-आठ महिन्यांची कमाई एका दमात. मोह होणारच.

पण एजन्सी तुम्हाला एवढे पैसे का देते, ते बघा. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने आणि जूनपासून गूगलने क्रिप्टोच्या जाहिरातींना दार बंद केलं. पुढे दोघांनीही परवाना बघून, देश बघून ते किलकिलं केलं, पण तोवर या धंद्याच्या पैशाने दोन आडवाटा धरल्या होत्या: फक्त क्रिप्टोपुरती चालणारी ॲड नेटवर्क आणि पैसे देऊन छापून आणलेले लेख. दुसरी वाट जास्त चालली, कारण बातमीसारखा दिसणारा मजकूर लोक वाचतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या वॉयडिन्स्की आणि इव्हान्स यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. २४२ जणांना बातम्यांच्या पानात मिसळलेला प्रायोजित मजकूर वाचायला दिला. हा कोणीतरी पैसे मोजून छापलाय, हे ओळखलं १७ जणांनी. बाकीच्या सव्वादोनशे लोकांनी तो बातमी म्हणूनच वाचला. मजकुरात मिसळलेल्या ज्या जाहिरातीला एजन्सी 'नेटिव्ह' म्हणते, तिची सगळी ताकद या आकड्यात आहे.

आमच्या दैनिकाच्या पुरवणीतही असे लेख यायचे. शेवटच्या ओळीखाली उजव्या कोपऱ्यात, सहा पॉइंटात, 'जाहिरात'. जाहिरात देणारी पार्टी म्हणायची, "मॅडम, तेवढा शब्द काढा की. दर वाढवून घ्या." आमचं खातं वाढीव दराच्या आशेने संपादकांकडे जायचं, संपादक भडकायचे, दोन दिवस कोणी कोणाशी बोलायचं नाही आणि तो शब्द तिथेच राहायचा. उद्या एखादा वाचक अंक हातात घेऊन कार्यालयात आला, तर बोट ठेवून दाखवायला काहीतरी हवं ना! तुमची अडचण अशी की तुमच्याकडे दोन खाती नाहीत. विकणारे तुम्हीच, अडवणारे तुम्हीच.

बॅनर म्हणजे दुकानाबाहेरच्या ओट्यावर दुसऱ्याला बसू देणं. बिनलेबलाचा लेख म्हणजे त्याला थेट गल्ल्यावर बसवणं. साबणाच्या बाबतीत हेही एक वेळ चालून जातं, साबण आवडला नाही तर गिऱ्हाइकाचे पन्नास रुपये जातात. तुमचा वाचक तुमच्या शब्दावर एक्स्चेंजमध्ये खातं उघडेल आणि पगारातले पैसे टाकेल. 'कधीही काढायचा नाही' ही अट तर मला तिन्हींत वाईट वाटते. एफटीएक्स या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्यात नामवंत विनोदी नट घेऊन जाहिरात केली आणि ११ नोव्हेंबरला दिवाळखोरी जाहीर केली. टीव्हीवरची जाहिरात संपली की संपली. त्या उन्हाळ्यात कोणी एफटीएक्सचं गुणगान करणारा लेख असल्या अटीवर छापला असता, तर तो आजही त्याच्या नावाखाली झळकत असता. दूर कशाला, १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपासची मालमत्ता चोरीला गेली. एक्स्चेंजची आजची परिस्थिती उद्या असेलच, याची हमी खुद्द एक्स्चेंज देत नाही. तुम्ही का द्यावी?

'साध्या लिंक'चंही सांगते. विकत घेतलेल्या लिंकवर तशी खूण करा, असं गूगल म्हणतं. २०१९ पासून त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूणही दिली आहे. ती खूण न करता साध्या लिंक मागणाऱ्याला तुमच्या वाचकांपेक्षा तुमच्या वेबसाइटची गूगलकडची पत हवी आहे. उद्या शोधात तुमची पानं खाली गेली, तर ती एजन्सी फोन उचलणार नाही.

एवढं वाचून बॅनर सोवळा ठरवू नका. मे २०२२ मध्ये कॉइनझिला या क्रिप्टो ॲड नेटवर्कमधून एक खोडसाळ जाहिरात घुसली आणि कॉइनगेको, इथरस्कॅन अशा नावाजलेल्या क्रिप्टो संकेतस्थळांवर वाचकांसमोर 'वॉलेट जोडा' अशी खिडकी उघडू लागली. संकेतस्थळ खरं, खिडकी चोराची. ज्यांनी जोडलं असेल त्यांच्या वॉलेटमध्ये हात घालायची ती सोय होती. नेटवर्कला जागा दिली की तिथे आज रात्री काय लागेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि वाचक मात्र तुमच्या पानावर असतो. म्हणून माझा कल नेटवर्कपेक्षा थेट विकलेल्या बॅनरकडे आहे. महिन्याचा ठरावीक दर, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं चित्र, तुम्ही तपासलेली लिंक. बाहेरची स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्याचा कोड, पानात घ्यायचीच नाही.

चित्र तपासताना फूटपट्टी काढा. जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था 'आस्की' हिचे क्रिप्टोसाठीचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यात एक इशारा ठरवून दिला आहे. मराठीत तो साधारण असा होईल: क्रिप्टो उत्पादनं आणि एनएफटी (डिजिटल वस्तूंच्या मालकीची टोकन) यांच्यावर नियमन नाही आणि ती अत्यंत जोखमीची असू शकतात, अशा व्यवहारात नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मिळेलच असं नाही. स्थिर जाहिरातीत तळाची किमान एक पंचमांश जागा या इशाऱ्याला, साध्या पार्श्वभूमीवर, वाचता येईल अशा अक्षरात. ३०० बाय २५०च्या चौकोनी बॅनरमध्ये ही पट्टी ५० पिक्सेल उंच येते, मजकूर नीट बसतो. मोबाइलवरच्या ३२० बाय ५०च्या पट्टीत तिला १० पिक्सेल मिळतात. मुंगीलासुद्धा चष्मा लागेल. जिथे शब्दांनाच मर्यादा आहे तिथे छोटा इशारा आणि पूर्ण मजकुराची लिंक देण्याची मुभा आहे, पण माझं ऐकाल तर क्रिप्टोसाठी ती मोबाइलची पट्टी विकूच नका. 'करन्सी', 'सिक्युरिटीज', 'कस्टोडियन', 'डिपॉझिटरीज' हे शब्द जाहिरातीत वापरायला मनाई आहे. बारा महिन्यांपेक्षा कमी काळाचा परतावा दाखवायचा नाही. अल्पवयीन, किंवा तसं दिसणारं कोणी, क्रिप्टोचा व्यवहार करताना किंवा त्याबद्दल बोलताना दाखवायचं नाही.

नेटिव्हची बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. क्रिप्टोमधल्या पुष्कळ गोष्टी चौकटीत मावत नाहीत. हार्डवेअर वॉलेट कसं काम करतं, विक्रीवर १ टक्का टीडीएस का कापला जातो, नफ्यावर ३० टक्के कर असताना एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा का होत नाही, हे बॅनरवर कोण सांगणार? वॉलेट विकणाऱ्या कंपनीने पैसे देऊन आठशे शब्दांत नीट समजावलं, तर वाचकाचं भलंच होतं. अट एकच, पैसे कोणी दिले हे त्याला पहिल्या ओळीच्या आधी कळलं पाहिजे. आणि मधेही. त्याच जॉर्जियातल्या प्रयोगात दिसलं की मथळ्याच्या वर ठेवलेल्या लेबलपेक्षा मजकुराच्या मधलं लेबल लोकांच्या जास्त नजरेस पडतं. म्हणून दोन्हीकडे लावा आणि शब्द 'जाहिरात' हाच ठेवा. 'सौजन्य', 'विशेष उपक्रम', 'पार्टनर कंटेंट' असले गुळमुळीत शब्द नकोत.

एजन्सीला उत्तर लिहा, पण फोनवर नको, मेलवर. लेख घेईन, 'जाहिरात' वर आणि मधे असेल, माझं नाव लेखक म्हणून जाणार नाही, आस्कीचा इशारा खाली असेल, लिंकवर खूण असेल, लेख सहा महिने राहील, आणि तुमच्या पार्टीवर कारवाई झाली किंवा पैसे काढणं बंद पडलं तर त्याच दिवशी उतरवीन. सोबत एफआययूकडे (केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी झाल्याचा पुरावा मागा. मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवहार मनी लाँडरिंग कायद्याखाली आले आहेत आणि ती नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे, पण ज्या कंपनीकडे तीही नाही तिच्याशी बोलण्यात वेळ कशाला घालवा. या अटींवर भाव दहा-बारा हजारांवर येईल किंवा मेलला उत्तरच येणार नाही. उत्तर आलं नाही, तर काय विकत घ्यायला आले होते ते तुम्हाला कळलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. आस्की दंड करू शकत नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांची, जी तेरा प्रकारांची यादी काढली, तिच्यात वेश पालटून आलेली जाहिरात हा एक प्रकार आहे. तुमच्या एजन्सीची पहिली अट त्यातच बसते.

मी सांगलीचा निवृत्त शिक्षक. मोबाइलवर पावसाची बातमी वाचत होतो. खाली चार-पाच चौकोन होते, त्यात एका नामवंत उद्योगपतींचा फोटो आणि "मुलाखत मधेच का थांबवली?" असा मथळा. दाबल्यावर एका मोठ्या वृत्तपत्राचंच पान उघडलं. त्यात त्यांनी एका क्रिप्टो यंत्रणेतून कमाई कशी केली ते लिहिलं होतं. अडीचशे डॉलर भरून सुरुवात करा म्हणाले. मी फक्त नाव आणि नंबर दिला. तेव्हापासून रोज फोन येतात. वृत्तपत्र असं कसं छापतं?

सर, वृत्तपत्राने ते छापलेलं नाही. ते पान वृत्तपत्राचं नव्हतंच. मथळ्याची पट्टी, बोधचिन्ह, अक्षरांचं वळण, सगळं उचललेलं. पुन्हा कधी असं पान उघडलं तर सगळ्यात वरची पत्त्याची ओळ वाचा. वृत्तपत्राच्या नावाऐवजी तिथे भलतंच काहीतरी असतं. मुलाखत झालेली नसते, फोटो किंवा चित्रफीत बनावट असते. नारायण मूर्तींनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की असल्या ट्रेडिंग ॲपशी आपला संबंध नाही. अर्थमंत्र्यांच्या नावाच्या बनावट चित्रफिती सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने वेळोवेळी खोट्या म्हणून जाहीर केल्या आहेत.

बातमीखालचे ते चौकोन म्हणजे नेटिव्ह जाहिरातीचाच एक प्रकार. 'तुम्हाला हेही आवडेल' असं म्हणत येतात. वृत्तसंस्थळ ती जागा मधल्या कंपनीला देतं, ती कंपनी जाहिरातदाराला विकते. बरेचदा त्यात वृत्तसंस्थळाच्या स्वतःच्या दोन बातम्या आणि तीन जाहिराती शेजारी शेजारी असतात, एकाच मापाच्या फोटोंसह. जाहिरातीखाली बारीक करड्या अक्षरात 'प्रायोजित' असतं. तुमच्या वयाचं सोडा, माझ्या पंचविशीतल्या भाचीलाही ते दाखवावं लागलं. भामट्यांची एक युक्ती मात्र कंपन्यांनाही चकवते: तपासणाऱ्याला सरळसाधं पान दिसतं आणि सांगलीतल्या वाचकाला दुसरंच. ब्रिटनमधले ग्राहकहिताचे पत्रकार मार्टिन लुईस यांचा फोटो अशाच बिटकॉइन जाहिरातींत वापरला जायचा. त्यांनी २०१८ मध्ये फेसबुकवर दावा लावला. २०१९ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि फेसबुकला फसवणूकविरोधी कामासाठी ३० लाख पौंड द्यायचं कबूल करावं लागलं. तरीही त्या जाहिराती जगातून गेलेल्या नाहीत, हे तुम्हीच पाहिलंत.

तुमचे पैसे गेलेले नाहीत, हे चांगलं झालं. ते फोन उचलू नका. उचललाच तर वाद घालू नका, बोलत राहिलात की त्यांना आशा वाटते. ओटीपी, आधार, पॅन काही द्यायचं नाही, आणि 'आम्ही सांगतो ते ॲप घ्या, स्क्रीन दाखवा' म्हणाले तर तिथेच फोन ठेवायचा. नंबर ब्लॉक करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा असतो; शेजारीपाजारी कोणाचं झालं असेल तर त्यांना हे सांगा. काही महिन्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो' म्हणून वकिली भाषेत बोलणारा माणूस फोन करील. तोही त्यांच्यातलाच.

ताई, पुण्यात आमची पाच जणांची कंपनी आहे. क्रिप्टोच्या व्यवहारांचा कर काढून देणारं सॉफ्टवेअर बनवतो. जाहिरातीला दोन लाख आहेत. एजन्सी म्हणते सगळे नेटिव्हवर लावा, क्लिकचं प्रमाण बॅनरच्या पाचपट मिळतं. लावू?

क्लिक मोजून कुणाचं घर चाललेलं नाही. एजन्सीचं सोडून.

एजन्सीला एक साधा तक्ता करायला सांगा. गृहीत धरू, एक लाख रुपये बॅनरवर, हजाराला ८० रुपये दर. साडेबारा लाख वेळा दिसला, हजाराला एक या प्रमाणात १,२५० क्लिक, म्हणजे क्लिकला ८० रुपये. दुसरे एक लाख नेटिव्हवर, क्लिकला १२ रुपये, म्हणजे आठ हजारांवर क्लिक. इथवर एजन्सी जिंकली. आता तिसरा रकाना काढा: किती जणांनी आपल्या व्यवहारांची फाइल चढवली? आणि चौथा: पैसे किती जणांनी भरले? 'क्रिप्टोवाल्यांना आयकर खात्याचा दणका!' अशा मथळ्याने आठ हजार येतील आणि मथळा वाचून परत जातील. बॅनरवर सॉफ्टवेअरचं नाव आणि किंमत पाहून जो आला, तो काहीतरी ठरवून आला आहे. आकडे माझे काल्पनिक आहेत, तुमचे खरे काढा. पण गिऱ्हाइकामागे किती पडले, हा एकच आकडा मला दाखवायचा.

बॅनरवाल्यांनाही सोडू नका. बॅनर 'दिसला' याची जाहिरात क्षेत्रातली व्याख्या अशी आहे: निम्मे पिक्सेल एक सेकंद पडद्यावर. एवढंच. अर्धा बॅनर, एक सेकंद, आणि तुमचं बिल लागलं. म्हणून किती टक्के इम्प्रेशन या व्याख्येतही बसली, ते लेखी मागा.

तुमच्या मालाला हंगाम आहे, तो बघून पैसे टाका. विवरणपत्रात आभासी मालमत्तेसाठी 'शेड्यूल व्हीडीए' हा स्वतंत्र भाग आला आहे आणि तो भरताना लोक रडकुंडीला येतात: प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत. मे-जूनमध्ये 'शेड्यूल व्हीडीए कसं भरायचं' हे चित्रांसह समजावणारा लेख, वर ठळक 'जाहिरात', अर्थविषयक एक-दोन चांगल्या मराठी आणि इंग्रजी ठिकाणी. तो लेख तुमच्या सॉफ्टवेअरशिवायही उपयोगी पडला पाहिजे, तरच लोक तो एकमेकांना पाठवतील. मग जुलैत, मुदत जवळ येते तेव्हा, लेखावरून तुमच्या पानावर येऊन अर्ध्यावर गेलेल्या माणसांनाच बॅनर दाखवा. ओळखीच्या नावाचा बॅनर नजर ओलांडत नाही. साधारण सव्वा लाख लेखावर, पन्नास हजार या बॅनरवर, आणि उरलेले हाताशी ठेवा, कारण पहिला मथळा चालत नाही.

आणि हो, 'आम्ही नाणी विकत नाही, आम्हाला इशारा कशाला' असं म्हणू नका. आस्कीचा नियम क्रिप्टो दाखवणाऱ्या जाहिरातींनाही आहे.

लंडनच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी संपादित करते. छपाईचा खर्च जाहिरातींवर निघतो. यंदा एक क्रिप्टो कंपनी मलपृष्ठ मागते आहे, किंवा आत 'गुंतवणुकीचे नवे पर्याय' असा लेख. अंक सभासदांपुरताच आहे. घ्यावं का?

लेख तर नकोच, आणि मलपृष्ठ घ्यायच्या आधी तिकडचा कायदा वाचा. तो आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. ८ ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनमधल्या ग्राहकांसमोर क्रिप्टोचा प्रचार करायचा तर तो एफसीएकडे (तिथल्या वित्तीय नियामकाकडे) नोंदलेल्या कंपनीने केलेला किंवा अधिकृत कंपनीने मंजूर केलेला असावा लागतो. मोडला तर फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. अंक मराठीत आहे, सभासदांपुरता आहे, चकल्यांच्या पाककृतीशेजारी आहे, याने त्यात फरक पडत नाही. जाहिरातीत 'सगळे पैसे बुडाले तरी चालतील अशी तयारी असेल तरच गुंतवा' या अर्थाचा ठरावीक इशारा हवा. 'मित्राला आणा, बक्षीस मिळवा' चालत नाही.

त्याआधीही तिथे डोळेझाक नव्हती. लुनो या एक्स्चेंजने लंडनच्या बसवर 'बसवर बिटकॉइन दिसायला लागलं म्हणजे घ्यायची वेळ झाली' अशा अर्थाची जाहिरात केली, ती मे २०२१ मध्ये तिथल्या जाहिरात नियंत्रकाने बंद करायला लावली. आपल्याकडे त्याच वर्षी विश्वचषकाच्या षटकांमधे क्रिप्टोच्या जाहिरातींचा पाऊस पडत होता, ते आठवून पाहा.

कंपनीकडून मंजुरीचा लेखी पुरावा घ्या आणि एफसीएच्या नोंदवहीत नाव स्वतः शोधा. सापडलं तर मलपृष्ठ द्या. नाही सापडलं तर मलपृष्ठावर आकाशकंदिलाचं चित्र लावा आणि मंडळाच्या वार्षिक सभेत वर्गणी वाढवा.

जळगावहून लिहितो. माझा मेहुणा रील करतो, लाखभर लोक बघतात. एक परदेशी एक्स्चेंज त्याला रीलमागे पैसे देणार आहे. 'ॲड' असा हॅशटॅग लावला की तो मोकळा, असं तो म्हणतो. खरं का?

अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियनही तसंच समजत असावी. तिने इथेरियममॅक्स नावाच्या नाण्याबद्दल इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली, खाली 'ॲड' हा हॅशटॅगही होता. पण त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाले, हे सांगितलं नव्हतं. अमेरिकेच्या रोखे नियामकाने ३ ऑक्टोबर २०२२ ला तडजोड जाहीर केली: एकूण १२ लाख ६० हजार डॉलर. तिथला कायदा अशा प्रचारात मोबदल्याचा आकडाही सांगायला लावतो. आपल्याकडे आकडा सांगायची सक्ती नाही, पण नुसत्या हॅशटॅगवर भागत नाही. क्रिप्टोचा इशारा रीलमध्येही हवा आणि खालच्या मजकुरातही. 'दर महिन्याला इतके टक्के' असं काही बोलला, तर ते लेबलाने धुतलं जात नाही; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत दिसणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. आणि हे टक्के महाराष्ट्राला नवे नाहीत. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले, ईडीच्या म्हणण्यानुसार रक्कम ६,६०० कोटींच्या घरात. तिथे बॅनर कुठे होते? सेमिनार होते, आणि ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला आणलं होतं. तुमच्या मेहुण्याला लाखभर लोक तसाच, ओळखीचा माणूस समजतात.

'परदेशी' या शब्दाकडेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि जानेवारीत त्यांची ॲप इथल्या ॲप स्टोअरमधून दिसेनाशी झाली. त्यातल्या काहींनी नंतर नोंदणी केली. मेहुण्याचं एक्स्चेंज त्या यादीत कुठे बसतं, ते त्याने आधी तपासावं. आणि मोबदला रुपयांत आहे की टोकनमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाण्यांत, हेही विचारा. टोकनमध्ये असेल तर ज्या दिवशी हातात पडलं त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न धरलं जाणार, मग विकताना पुढच्या वाढीवर ३० टक्के वेगळे. भाव मधेच कोसळला, तरी पहिल्या दिवसाच्या भावाचा कर खिशातून भरावा लागेल. सही करायच्या आधी त्याला सीएकडे घेऊन जा, आणि करार इंग्रजीत असेल तर कोणत्या देशाच्या कोर्टात भांडायचं लिहिलंय, ते शेवटच्या पानावर बघा.